संदर्भांची भिशी

१४ सप्टेंबर

किटली जप्त झाली. इतिहासात नोंद राहावी म्हणून लिहितो आहे.

सकाळी अग्निशमनचे दोघे आले, सिद्धांत विभागाच्या टेबलावरची विजेची किटली उचलली, पावती दिली, गेले. कारण — आगीचा धोका! ज्या इमारतीत हिवाळ्यात शाई गोठते तिथे आग लागली तर आम्ही तिला खुर्ची दिली असती. प्रयोगवाल्यांकडे लेसर असतात, पंप असतात, नायट्रोजनच्या टाक्या असतात. सिद्धांतवाल्याकडे कागद, पेन्सिल आणि किटली. म्हणजे आमची एक तृतीयांश यंत्रसामग्री आज सरकारजमा झाली. किर्गिझ भौतिकशास्त्रानं हा घाव कसा सोसावा?

ऐझिरेक म्हणाली, "आगाय, खाली खाणकंपन विभागात समोवार आहे."

खाणकंपनवाल्यांकडे चहा मागायचा! त्यापेक्षा तहानेनं मरेन. ऐझिरेक ही माझी विद्यार्थिनी — म्हणून आगाय, म्हणजे गुरुजी — सहकारी आणि विभागातली दुसरी व्यक्ती. तिसरी नाही.

१७ सप्टेंबर

किटली विसरलो. विभागच जप्त होतो आहे.

बेगाइम एजेंनी, म्हणजे ताईंनी, बोलावलं. संचालक झाल्यापासून त्या मला बसा म्हणत नाहीत; आज म्हणाल्या. तिथेच समजलो. नवा नियम आलाय. विभागप्रमुखाचा निर्देशांक निदान सहा हवा. म्हणजे त्याचे असे सहा लेख हवेत, की प्रत्येकाचा संदर्भ आणखी सहा जणांनी तरी आपापल्या लेखात दिलाय. एक एप्रिलला मोजणी. कमी पडला तो विभाग बंद.

माझा चार.

"एसेनामान, तू तीस वर्षं विचार करतो आहेस हे मला ठाऊक आहे. पण मंत्रालयाला विचार दिसत नाही. दुसऱ्यांनी तुझं नाव घ्यायला हवं."

"घेतात की. माझी बायको रोज घेते."

हसल्या नाहीत. माझं काय, मला खाणकंपनात एक खुर्ची मिळेल. ऐझिरेकचं काय? तिचा प्रबंध या विभागात नोंदलेला. बर्फाच्या थरांतून आवाज कसा विखुरतो — सहा वर्षांचं काम, जूनमध्ये मौखिक परीक्षा. एप्रिलमध्ये विभागच गेला तर नोंदणी गेली. पुन्हा पहिल्यापासून. तेवढी वर्षं तिच्याकडे नाहीत. मॉस्कोत भावानं गोदामात काम पाहून ठेवलंय. दर महिन्याला विचारतो.

तिला सांगितलं. एवढंच म्हणाली, "म्हणजे जूनपर्यंत विभाग जिवंत ठेवायचा."

सोपं करून सांगते ही मुलगी.

२ ऑक्टोबर

ओशहून तोपचुबेकचा फोन. माझा वर्गमित्र. परीक्षेत माझ्या वहीत बघून लिहायचा आणि माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवायचा. आता उपअधिष्ठाता झालाय.

"तुला सहा हवाय ना? मलाही हवाय. सगळ्यांनाच हवाय. आपण हिवाळ्यात आळीपाळीनं एकमेकांकडे जेवतो की नाही? शेरिने! या महिन्यात तुझ्याकडे, पुढच्या महिन्यात माझ्याकडे. तसंच करायचं. फक्त मटणाऐवजी संदर्भ."

सात जण. ऑक्टोबर ते एप्रिल. दर महिन्याला एकाची पाळी. बाकी सहांनी एकेक लेख लिहायचा आणि त्यात त्याचे संदर्भ द्यायचे.

"छापणार कोण?"

"झटपट मासिकं आहेत. पैसे भरले की पंधरा दिवसांत. वाचायचा त्रास संपादकही घेत नाही."

"तोपचुबेक, ही भिशी झाली."

"बरोब्बर! आणि भिशी लावणाऱ्याला कुणी चोर म्हणतं का?"

विचार करतो म्हणालो. नाही म्हणालो नाही — याची नोंद आपल्यापुरती.

८ ऑक्टोबर

हो म्हणालो.

१८ ऑक्टोबर

भिशीची पहिली बैठक कारा-बाल्ताला, कासिमआली आगायांकडे. वय अठ्ठ्याहत्तर, सातांत ज्येष्ठ, म्हणून पहिली पाळी त्यांची. मेंढीचं डोकं त्यांच्यापुढे आलं. कान कापून त्यांनी गुलासालला दिला — सगळ्यांत धाकट्याला कान, म्हणजे मोठ्यांचं ऐकत जा. गुलासाल नारीनच्या विद्यापीठात शिकवते. चौतीस वर्षांची. घाट उतरून आली, आल्यापासून चहाच ओतत होती. मग हाडं वाटली, मानाप्रमाणे. मला फासळी. पन्नाशी उलटली तरी फासळीच!

मग मुद्दा निघाला. आगायांनी विचारलं, "संदर्भांच्या यादीत पहिलं नाव कुणाचं?"

तोपचुबेक म्हणाला, "ज्याची पाळी त्याचं."

आगायांनी सुरी पुसली.

"म्हणजे मार्चमध्ये या एसेनामानचं नाव माझ्या आधी?"

"तसं कसं होईल आगाय!" पाच जण एकदम बोलले. त्यांत मी होतो.

ठरलं असं — प्रत्येक लेखाच्या यादीत आधी ज्येष्ठ, वयाच्या क्रमानं, शेवटी ज्याची पाळी तो. कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मोठ्याला डावलून धाकट्याच्या ताटात हाड टाकायचं, हे हातालाच जमत नाही.

गुलासाल किटली खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे एप्रिलपर्यंत माझं नाव कुठेच नाही?"

"धाकटीला शेवटी, पण ताजं ताजं!" तोपचुबेक म्हणाला. सगळे हसले. तीही हसली, सगळे हसतात म्हणून.

निघताना आगाय मला बाजूला घेऊन म्हणाले, "चाळीस वर्षं कुणी मला वाचलं नाही. आता एकदम सहा जण नाव घेणार. खरं सांग, मला काही आजार निघालाय का?"

२९ ऑक्टोबर

पहिला लेख टाकला. शीर्षक — 'स्तरित माध्यमांतील काही प्रश्नांबाबत'. त्यात आगायांच्या खाणीतल्या दोरखंडाच्या ताणावरच्या लेखाचा संदर्भ दिला. बर्फातल्या आवाजाचा आणि दोरखंडाचा काय संबंध? तेही लिहिलं — 'याच्याशी निगडित प्रश्नांसाठी पाहा'. हे वाक्य म्हणजे विज्ञानातलं मांडवाखालचं हसू. काही अर्थ नसतो, पण नाही दिलं तर लोक दुखावतात.

२६ नोव्हेंबर

दुसरा लेख. 'स्तरित माध्यमांतील काही प्रश्नांबाबत आणखी'.

२१ डिसेंबर

तिसरा. 'आणखी काही' असं घातलं. झेइनेप चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "लग्नाआधी तू मला पत्रं लिहायचास, त्यात यापेक्षा जास्त भौतिकशास्त्र होतं."

बाहेर कोळशाचा धूर इतका की समोरची इमारत दिसत नाही. बरं आहे. समोरच्यांनाही मी दिसत नाही.

१५ जानेवारी

ऐझिरेकचं काम झालं! मी कालपासून तपासतोय, चूक सापडत नाही. सापडावी असं वाटत होतं, हेही लिहितो — तिच्या वयात मी असलं काही केलं नव्हतं. विखुरलेला आवाज एका विशिष्ट खोलीनंतर पुढेच जात नाही, आणि ती खोली तिनं काढली आहे. माझ्या जुन्या सूत्राला हातही न लावता, वेगळ्याच वाटेनं. लेख परदेशी मासिकाला जाणार. मोठ्या. जिथे खरोखरच कुणीतरी वाचतं.

तिनं दुसरं नाव माझं घातलं. मी नको म्हणालो. पण फार जोरात म्हणालो नाही.

२० जानेवारी

तोपचुबेकला कळलं. त्याला सगळं कळतं, भौतिकशास्त्र सोडून.

"त्या लेखात आपली यादी घाल! मोठ्या मासिकातला एक संदर्भ आपल्या दहांच्या बरोबरीचा."

"तिचा लेख आहे."

"नाव तुझंही आहे ना? हे बघ, बाकीचे आत्ताच कुरकुरताहेत. एसेनामानला मार्चमध्ये आपण सगळ्यांनी द्यायचं आणि तो हातातलं सोनं एकटा दाबून बसणार? मार्चमध्ये कुणी लिहिलं नाही तर मला विचारू नकोस."

धमकी. गोड आवाजात, पुढे पोरांची चौकशीही केली.

२१ जानेवारी

ऐझिरेकला विचारलं. म्हटलं, पाच नावं, एक ओळ. 'निगडित प्रश्नांसाठी पाहा.'

"दोरखंडासाठी, आगाय?"

"तुझ्यासाठीच करतोय. विभाग राहिला तर तू राहशील."

"माहीत आहे. माझ्यासाठी तुम्ही तुमच्या लेखांत काय घालायचं ते घाला. माझ्यात नको."

"हट्ट करण्याइतकी तू अजून मोठी झालेली नाहीस."

हे मी बोललो! तेही कासिमआली आगायांच्या आवाजात. तिनं वही मिटली आणि उठली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं.

४ फेब्रुवारी

मासिकाकडून किरकोळ दुरुस्त्या आल्या. सुधारलेली प्रत माझ्या यंत्रावरून पाठवायची होती. ऐझिरेक दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. मी ओळ घातली. पाच नावं, वयाच्या क्रमानं. पाठवली.

अगदी स्वच्छ टंकलं. त्याचीच भीती वाटते आहे.

१८ फेब्रुवारी

छपाईआधीची प्रत तिच्याकडेही आली. विसरलोच होतो! तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली. त्या ओळीवर लाल रेघ. तिनं मासिकाला कळवूनही टाकलं होतं — ही ओळ चुकून राहिली, काढावी.

"चुकून?" मी विचारलं.

"मग काय लिहायचं होतं, प्रमुखसाहेब?"

आगाय नाही. प्रमुखसाहेब! नऊ वर्षांत पहिल्यांदा.

१९ फेब्रुवारी

तोपचुबेकला सांगितलं, छपाईत ओळ गळली. खोटं. तो म्हणाला, "बघतो."

आता मार्च त्याच्या हातात.

१० मार्च

कुणाचा लेख नाही. ऐझिरेक येते, काम करते, 'प्रमुखसाहेब, सही' म्हणते, जाते. दुपारी भावाशी बोलत होती. दार उघडं होतं. "गोदामात थंडी असते का?" असं विचारत होती. बर्फावर प्रबंध लिहिणारी मुलगी!

१६ मार्च

पहिला लेख आला — गुलासालचा! नारीनहून. वर निरोप: 'आगाय, तोपचुबेकदादा थांबा म्हणाले होते. पण तुमची पाळी आहे, म्हणून टाकला.' मग तिला पाहून लाजून असेल किंवा घाबरून असेल, बाकीचेही आले. एकेक करून सगळे.

२४ मार्च

सहा!

यंत्रावर आकडा बदलला. मी ऐझिरेकला बोलावून दाखवला. तिनं पाहिलं. "अभिनंदन, प्रमुखसाहेब."

वाढदिवसाला केक आणावा आणि सगळ्यांनी उपास धरावा, तसं झालं.

१ एप्रिल

मोजणी झाली. विभाग वाचला. बेगाइम एजे म्हणाल्या, "सहा महिन्यांत चाराचे सहा? एसेनामान, तुला उशिरा पालवी फुटली." आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

९ एप्रिल

पकडले गेलो.

ज्या परदेशी कचेरीत हे आकडे ठेवतात तिचं पत्र, सातही जणांना, एकाच मजकुराचं. त्यांच्या यंत्राला दिसलं — दोरखंड, बर्फ, धरण, लोकर, विषय कुठलाही असो, संदर्भ तेच. आणि क्रम तोच. दर महिन्याला खाली एक नाव वाढतं, वरचं एकही हलत नाही. चक्क जिना! जगात कुठेही संदर्भ आडनावानं लावतात, नाहीतर मजकुरात येतील तसे. वयानं लावणारे आम्हीच. चोरीतही आम्ही मोठ्यांचा मान सोडला नाही, आणि मानानंच धरून दिलं.

भिशीतले सगळे लेख आणि संदर्भ बाद. माझा निर्देशांक पुन्हा चार. मंत्रालय पुन्हा मोजणार, महिनाअखेरीला.

कासिमआली आगायांचा फोन आला. "क्रम मी लावला ना रे?" एवढंच. मी म्हटलं, नाही आगाय, सगळ्यांनी मिळून लावला.

१० एप्रिल

झेइनेपला सगळं सांगितलं. ती दवाखान्यातल्या बायकांची भिशी चालवते, तिला हिशेब पटकन कळतो. मला वाटलं हसेल. म्हणाली, "शेवटचा नंबर कुणाचा होता?"

"गुलासालचा. नारीनची."

"तिला काय मिळालं?"

"काही नाही. तिनं सगळ्यांना दिलं. आणि यादीत नाव आलं म्हणून बदनामीही."

"भिशी मोडली की शेवटचीच बुडते," म्हणाली आणि कणीक मळायला लागली. पीठ एवढ्या जोरात आपटत होती की मी स्वयंपाकघरातून निघालो.

२२ एप्रिल

ऐझिरेकचा लेख छापून आला. पहिलं नाव तिचं. संदर्भ सगळे खरे, त्या ओळीची जागा भरून आलेली — खूणसुद्धा नाही. आम्हा सगळ्यांच्या घाणीत हा एक कागद कोरडा राहिला, आणि तोही मी भिजवायला निघालो होतो.

नियम पुन्हा वाचला. पहिल्यांदाच नीट. विभागप्रमुख पस्तिशीच्या आत असेल तर निर्देशांक लागत नाही. अव्वल मासिकात पहिल्या नावाचा एक लेख पुरे.

माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. प्रमुख म्हणजे ज्येष्ठ — यापुढे कुणी वाचतं का?

२३ एप्रिल

बेगाइम एजेंकडे गेलो. राजीनामा ठेवला, तिचं नाव सुचवलं.

"एकोणतीस वर्षांची मुलगी प्रमुख, आणि तू तिच्या हाताखाली? तुझ्या सासरचे काय म्हणतील?"

"गेली पंचवीस वर्षं तेच तेच म्हणताहेत, एजे. त्यांनाही नवा विषय होईल."

"तिनं स्वतःच्या प्रबंधाचा विभाग स्वतः चालवायचा?"

"नियमात मनाई नाही. मी मार्गदर्शक राहतो, ती प्रमुख. विभाग दोघांचाच आहे. कुणीतरी कुणाच्या तरी हाताखाली असणारच."

कागद फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि तिला हे सगळं चालेल का, विचारलंस?"

विचारलं नव्हतं.

२४ एप्रिल

विचारलं.

"मला उपकार नकोत, प्रमुखसाहेब."

"उपकार नाहीत. सगळ्यांत तूच एकटी स्वच्छ उरलीस. आणि मी प्रमुखसाहेब नाही आता."

ती खिडकीशी गेली. डोंगर दिसत होते, महिन्याभरानं. मला वाटलं नाही म्हणेल. गोदाम, मॉस्को, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी तिची फेब्रुवारीतल्या ओळीबद्दल माफी मागितली. नीट, एका वाक्यात, विनोद न करता. अवघड गेलं.

"एका अटीवर," ती म्हणाली. "भिशीत ज्यांचे संदर्भ दिलेत, ते सगळे लेख वाचायचे. पहिल्या पानापासून. ते होईपर्यंत स्वतःची एक ओळ लिहायची नाही."

"हा हुकूम?"

"हुकूम."

३० एप्रिल

मोजणीवाले आले. प्रमुखाचं वय पाहिलं, लेख पाहिला, गेले. विभाग आहे.

१७ मे

वाचतोय. तोपचुबेकच्या तीन लेखांत एकच आलेख आहे. एकदा उलटा छापलाय. लोकरीवरचा लेख लोकरीबद्दल नाही. कासिमआली आगायांचं दोरखंडाचं गणित मात्र सुरेख! माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी सुरेख. कळवलं. त्यांनी विचारलं, "कितव्या पानावर?" खात्री करून घेत होते.

१२ जून

ऐझिरेक पास. एकमतानं. परीक्षकांनी तीन तास झोडपलं, एका जागी अडली, पाणी प्यायली, बाहेर आली. भावाला फोन करून म्हणाली, "गोदामात दुसरं कुणी ठेव."

मग माझ्याकडे वळून, "आगाय, वाचून झालं?"

आगाय!

"एक राहिलाय. गुलासालचा. तिला संदर्भ दिलाच नव्हता, म्हणून यादीत धरला नव्हता."

"धरा."

१९ जून

वाचला. पाच पानी, तीन वर्षांपूर्वीचा, नारीनच्या वार्षिकात. विषय — माझं सूत्र. थर पातळ असले की ते चुकतं, असं तिनं दाखवलंय. दोनदा तपासलं. चुकतं. उभ्या जन्मात माझं म्हणावं असं एकच सूत्र होतं. आणि हे हातात असताना ती कारा-बाल्ताला दिवसभर माझ्या वाटीत चहा ओतत होती.

दोन पानांचं टिपण लिहिलं — सूत्र माझं, चूक माझी, दुरुस्ती तिची. संदर्भ एकच. ऐझिरेकला दाखवून पाठवून दिलं.